पाटीखालचा कोळी

मखमलाबादच्या मळ्यातली सुवर्णा म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग चौकशी करतात. हसण्याचं कारण कोळी. चाळिशी ओलांडलेली बाई, नाशकातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, घरचा झेंडू-शेवंतीचा मळा, आणि पर्समध्ये काय, तर स्पिरिटची बोटाएवढी कुपी आणि एक बारीक ब्रश. लग्नाच्या वयात तिला बघायला घोटीहून पाहुणे आले होते. पोहे खाता खाता मुलाच्या मामाच्या टोपीवर एक कोळी उतरला. सुवर्णाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, मामांच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली आणि मागच्या दारी गेली ती गेलीच. पाहुणे टोपीवाचून परत गेले. तेव्हापासून भावकीत म्हणतात, पोरीला कोळ्यांनी खाल्लं. तिने ते कधी मनावर घेतलं नाही.

तिची बाजू घेणारं घरात एकच माणूस होतं, तिचे वडील मोतीराम. अण्णांना कोळ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शेवंतीच्या एका वाफ्यावर ते औषध मारू देत नसत. धाकटा मुलगा गोरक्ष चिडायचा, म्हणायचा की ह्या एका वाफ्यापायी सगळ्या मळ्याला मावा लागेल. अण्णा म्हणायचे, "लागू दे. तो ताईचा वाफा हाय. तिची गुरं चरतात तिथं." आणि सुवर्णा कॉलेजातून आली की डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने पानाआड दाखवायचे, "ते बघ तुझं एक." ते बोट अर्धंच होतं. तरुणपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. पण दाखवायचं झालं की अण्णा नेमकं तेच बोट पुढे करत.

त्याच वाफ्यात तीन वर्षांपूर्वी सुवर्णाला एक मादी सापडली. मुगाच्या दाण्याएवढी, पिवळसर, उडी मारून शिकार धरणाऱ्या जातीतली. हे कोळी जाळं विणत बसत नाहीत, आणि त्यांना समोर दोन मोठे डोळे असतात. आपण जवळ गेलो की ते पळायच्या आधी वळून आपल्याकडे बघतात, अगदी माणसासारखे. सुवर्णाने आजवर छापून आलेली अशा कोळ्यांची वर्णनं आणि चित्रं धुंडाळली, तरी ही मादी कशाशीच जुळेना. कोळी नवा असावा असं वाटत होतं, पण नुसतं वाटून भागत नाही. ह्या कोळ्यांत खरी ओळख पटते ती नरावरून. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड हात असतात, त्यांच्या टोकाची घडण प्रत्येक जातीत निराळी, एका कुलपाला एकच किल्ली बसावी तशी. नर मिळाला की जगाला छातीठोक सांगता येणार होतं. तीन वर्षं ती वाफ्यात गुडघे टेकून हिंडली. नर काही मिळाला नाही.

मग मार्गशीर्षात अण्णा गेले. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, फूलबाजारातून सकाळी परत आले, पडवीतल्या खाटेवर टेकले, चहा मागितला. चहा येईपर्यंत मान आईच्या, म्हणजे नवसाबाईच्या, हातावर कलली. बाजारात अखंड बोलणाऱ्या माणसाने जाताना एक शब्द बोलू नये, हे सुवर्णाच्या मनाला फार लागलं.

दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, ओरडत होते, पण खाली एक उतरेल तर शपथ. गोरक्ष हात जोडून म्हणाला, मळा विकणार नाही. कावळा हलला नाही. आईला दुखवणार नाही, म्हणाला. नाहीच. मग सगळ्या भावकीने हळूच सुवर्णाकडे पाहिलं, कारण अण्णांची राहिलेली इच्छा कोणती असणार हे त्यांच्या मते उघड होतं. सुवर्णाने लग्नाचं वचन काही दिलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि सगळे उन्हातून घरी आले. आईने त्या दिवशी पाण्याचा घोटही घेतला नाही. "जीव अडकलाय कशात तरी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्या रात्री त्यांच्यात करतात ते केलं. जिथे प्राण गेला तिथे, पडवीत, जमिनीवर गव्हाचं पीठ पसरून सारखं केलं, मध्ये दिवा लावला आणि वर पाटी पालथी घातली. सकाळी पाटी उचलायची आणि पिठावर कुणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. पाखराचं, मुंगीचं, गाईच्या खुराचं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला, ते त्यावरून कळतं. पाटी म्हणून गोरक्षने अण्णांचीच फुलांची पाटी आणली. सगळा बाजार प्लास्टिकच्या क्रेटवर गेला तरी म्हातारा हट्टाने ती बांबूची पाटी वापरत असे. अण्णा गेल्यापासून ती ताईच्या वाफ्याच्या कडेला, शेवंतीत उपडी पडून होती.

झुंजूमुंजू झालं तेव्हा सुवर्णा एकटी उठली. पाटी उचलण्याचा मान घरातल्या थोरल्या माणसाचा, म्हणजे आईचा, हे तिला ठाऊक होतं. तिचा ह्या गोष्टींवर विश्वास नव्हता, हेही खरं. तरी ती पडवीत जाऊन उकिडवी बसली आणि तिने पाटीची कड वर केली. का केली, ते तिला आजही सांगता येणार नाही. बापाला शेवटचं बघावंसं वाटलं असेल, दुसरं काय.

दिवा विझला होता. पिठावर बारीक टिंबांच्या ओळी उमटल्या होत्या, आणि ओळी संपत होत्या तिथे तो बसला होता. मुगाएवढा, पिवळसर, तोंडाजवळचे दोन्ही हात टोकाला फुगलेले. नर. तीन वर्षं जो वाफ्यात मिळाला नाही तो घरात, पिठात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कोळी वळला आणि त्याने मोठ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

पुढचं तिच्या हाताने केलं. डोक्याला त्याची खबर नंतर लागली. पर्स खुंटीला होती, कुपी पर्समध्ये. ब्रशने हलकेच ढकललं, तो स्पिरिटात पडला, झाकण बसलं. आत त्याने दोनदा पाय झाडले आणि मग पोटाशी घेतले. हजारदा केलेलं काम. झाकण फिरवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुठे बसलोय, हे पीठ कसलं आहे. तिने पाटी होती तशी ठेवली आणि अंथरुणात जाऊन पडली.

तासाभराने आईने सगळ्यांदेखत पाटी उचलली. टिंबांच्या ओळींवर वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग मांडी घालून बसली आणि कालपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "कोळ्याची पावलं हायेत," ती म्हणाली. "आले होते. ज्या जन्मात जायचं त्या जन्मात गेले." आणि सुवर्णाकडे बघून हसली. कावळा शिवला नाही म्हणून अन्नपाणी सोडलेल्या बाईने मग चहा मागितला, भाकरी खाल्ली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एकट्या सुवर्णाने ताट बाजूला सारलं. आता आईला काय सांगायचं? आलेला पाहुणा मी बाटलीत बुडवला म्हणून?

तिने स्वतःची समजूत घातली. बाई शास्त्र शिकवते, समजूत घालता येते तिला. पाटी वाफ्याकडेला पडून होती, कोळी पाटीच्या कामट्यांत राहायला आला असणार, पाटीबरोबर तो घरात आला. ह्यात जन्म नाही की पुनर्जन्म नाही. ते सगळं बरोबरच होतं. फक्त त्याने तिला झोप लागत नव्हती.

कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तिने नर मायक्रोस्कोपखाली धरला तेव्हा तो खरोखरच नवा निघाला. त्याच्या हातांच्या टोकाची घडण ह्या कुळातल्या एकाही माहीत असलेल्या कोळ्याशी जुळत नव्हती. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो दिवस आला, आणि तिला आनंद झाला नाही. तिने मापं घ्यायला सुरुवात केली. उजवे पाय मापले, डावे मापले. डाव्या बाजूचा पहिला पाय आखूड भरला. निम्म्याहून थोडा जास्त.

कोळ्यांचे पाय तुटतात आणि कात टाकताना पुन्हा आखूड उगवतात, हे ती दरवर्षी वर्गात शिकवते. तरी ती खुर्ची मागे सारून उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. परत येऊन भिंगाला डोळा लावला तर कोळी तिच्याकडेच बघत होता. स्पिरिटात रंग जातो. पिवळा तर महिन्याभरात उडून पांढरा होतो. डोळे तेवढे काळेभोर राहतात. अण्णा बाजारातून दमून आले की खाटेवरून असेच बघायचे, न बोलता. त्या दिवसापासून तिने प्रयोगशाळेत एकटीने बसणं सोडलं, भरदुपारीसुद्धा.

चित्रं काढून देणारा तिचा सहकारी शेखर म्हणाला, "मॅडम, नावाचा प्रश्नच नाही. वडिलांचं नाव द्या. त्यांच्याच मळ्यातला आहे." अशी नावं देतात, रीत आहे तशी. पण तिला ते जमेना. ज्याला आपण बुडवलं त्यालाच बापाचं नाव द्यायचं? तिने लॅटिनमध्ये पाटीला जो शब्द आहे त्यावरून नाव ठेवलं. का, ते शेखरने विचारलं नाही.

घरी आई मात्र दिवसेंदिवस मायाळू होत चालली होती. पूर्वी कॉलेजाबद्दल कधी चकार शब्द न विचारणारी बाई आता रोज संध्याकाळी विचारायची, "कॉलेजात पंखा असतो का गं दिवसभर?" उन्हाळ्यात म्हणाली, "तुझ्या त्या खोलीत लय उकडत असंल." कधी म्हणे, "पोरं उगं हात तर लावत नाय ना कशाला? कुलूप लावत जा." आणि डब्यात भाजी-भाकरीच्या शेजारी रोज एक गुळाचा खडा असायचा, कागदात बांधलेला. अण्णांना जेवल्यावर गूळ लागायचा. सुवर्णाला वाटलं, म्हातारीची माया आता आपल्याकडे वळली. ती रोज तो खडा तोंडात टाकायची, आणि तो गोड लागतो म्हणूनच तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भाद्रपद आला. पेपर लिहून तयार झाला होता. तो छापायचा तर ज्या नरावरून वर्णन केलं तो नर संग्रहालयात जमा करावा लागतो. सोमवारी कुपी पाठवायची होती. आणि त्याच आठवड्यात पित्रं आली. पहिल्या वर्षी त्यांच्यात भरणी श्राद्ध घालतात. आदल्या दिवशी आई उडीद निवडत बसली होती. सुवर्णा शेजारून चालली तशी ती मान वर न करता म्हणाली, "उद्या अण्णांना घरी आण. एक दिवस. जेवून जातील."

"कुणाला?"

"आता किती येड पांघरशील?" आई म्हणाली. "मी जागीच होते त्या सकाळी. दारातनं बघितलं. तू पाटी उचलली, बाटलीत घेतलं. मी म्हटलं, घ्या, ह्यांचा जीव लेकीत अडकला होता, लेकीकडंच गेले. मी कुणाला बोलले नाय. गोरक्षला वाईट वाटलं असतं."

पंखा, उकाडा, कुलूप, सगळं एकदम तिच्यासमोर उभं राहिलं.

"झाकणाला भोक पाडलंय ना?" आईने विचारलं. "आणि गूळ खातात का?"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सुवर्णाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. "आणते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुपी रुमालात गुंडाळून तिने घरी आणली. स्वयंपाक झाला होता, खीर, वडे, सगळं. गोरक्षने गच्चीवर पान ठेवलं आणि हाका मारून मारून त्याचा घसा बसला. शेजारच्यांच्या पानावर कावळे भांडत होते, ह्यांच्या पानाकडे एकही फिरकेना. शेवटी तो गाईला पान घालायला खाली गेला. गच्चीवर दोघी उरल्या. आईने हात पुढे केला.

तिने कुपी घेतली, उन्हात धरली. जन्मभर मळ्यात वावरलेली बाई. मेलेला कोळी तिला कळायला कॉलेजात जायची गरज नव्हती. तळाशी तो पांढराफटक पडला होता, पाय पोटाशी. डोळे काळे.

"कधी?" तिने विचारलं.

"त्याच सकाळी. आत स्पिरिट असतं, आई. मीच मारला."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कठड्याला टेकली. "म्हंजे दोनदा गेले," ती म्हणाली. "एकदा माझ्या हातात, एकदा तुझ्या." आणि मग कुपीकडे बघत, "इतके महिने मी गूळ पाठवत होते गं."

सुवर्णा तिथेच रडायला लागली. अण्णा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. कोळी तो कोळीच होता, पाटीतून आला होता, हे सगळं ती हुंदक्यांमधून सांगत राहिली. आईचं एकच म्हणणं होतं, "सोड त्यांना. उद्या गंगेत सोड. म्हणून तर कावळा येत नाय. कसा येईल? हे इथं कोंडलेत."

"नाही सोडता येत. जगात कुणालाही असा कोळी सापडला तर तो हाच का, हे ह्याच्याशीच ताडून बघणार. हा कायम ठेवावा लागतो."

"कायम म्हंजे?"

"आपण कुणी नसू तेव्हापण."

आईने कुपी पुन्हा उन्हात धरली. दोघींच्या मधे तो बापडा काळे डोळे उघडे ठेवून पडला होता. विश्वास नसलेल्या सुवर्णालाही त्या क्षणी वाटलं, आपण ह्यांना जन्मठेप दिली. जन्मठेपेला निदान मरण तरी असतं.

"हे काय सुटं पडलंय?" आईने विचारलं.

तळाशी एक पाय निखळून पडला होता. मागच्या महिन्यात हाताळताना गळाला होता, असे गळतात. नेमका तोच, डावा, आखूड. सुवर्णाने आईला कधी त्या पायाबद्दल सांगितलं नव्हतं. काचेतून ते थोडं मोठं दिसत होतं. आईने डोळे बारीक करून पाहिलं, आणि काय पाहिलं कोण जाणे, तिने आपला डावा हात वर करून पहिलं बोट मुठीत मिटलं.

"एवढं दे," ती म्हणाली. "अख्खा माणूस कोण आणतं गंगेवर? लोक देशभरातनं येतात, हाडाचा एक तुकडा घेऊन. तेवढ्यानं सुटतो जीव."

नमुन्यातला कणसुद्धा टाकायचा नसतो. एकदा एका विद्यार्थिनीने कोळ्याचा पाय हरवला म्हणून सुवर्णाने तिला सगळ्या वर्गासमोर झापलं होतं. तिने चिमटा आणला आणि पाय काढून पानाच्या तुकड्यावर ठेवला. पेपरात तिने लिहिलं होतं, डावा पहिला पाय आखूड, पुन्हा उगवलेला. ते वाक्य तिने संध्याकाळी बदललं. आता तिथे एवढंच आहे की डावा पहिला पाय गहाळ.

सकाळी दोघी गंगेवर गेल्या. पित्रांची गर्दी, ओल्या पायऱ्या, सगळीकडे भाताचे पिंड. आईने पायरीवर बसून तो पाय तळहातावर घेतला. केसाचा तुकडा असावा एवढा. तिने डोळे मिटले, ओठ हलले, आणि हात पाण्यात घालून बोटं उघडली. पाणी गढूळ, ओढ जोराची. तिने हात वर काढला.

"गेले?" तिने विचारलं. तिला आता बारीक दिसत नाही.

सुवर्णाला दिसतं. आयुष्य ह्याच नजरेवर काढलंय तिने. पाय ओल्या तळहाताला, अंगठ्याच्या मुळाशी, चिकटून होता.

आईच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पिठावर वाकताना तो असाच सैल झाला होता.

"गेले," सुवर्णा म्हणाली.

आईने पदराला हात पुसले, पदर खोचला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. वर रस्त्यावर रिक्षा उभ्या होत्या. मखमलाबादला जाणाऱ्या रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "मावशी, किती जण?"

"दोघीच," आई म्हणाली, आणि पदर सावरत आत सरकली.